दंड, तुरुंग आणि खराटा

आज आम्ही एका शिक्षेचा इतिहास सांगणार आहोत. शिक्षा म्हटली की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, दंड भरा नाहीतर आत जा. १ जुलै २०२४ पासून आपल्या कायद्याच्या पुस्तकात आणखी एक वाट आली आहे. इंग्रजांनी १८६० साली केलेली भारतीय दंड संहिता, जिला सगळे आयपीसी म्हणत, ती त्या दिवशी गेली आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या चौथ्या कलमात शिक्षांची यादी आहे. फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्तेची जप्ती, दंड ही सगळी जुनी नावं. शेवटी एक नवं नाव आहे, सामुदायिक सेवा. कोर्ट सांगेल ते, समाजाच्या उपयोगाचं काम गुन्हेगाराने करायचं आणि त्याची मजुरी मागायची नाही, असा त्याचा अर्थ. जगात जिथे जिथे ही शिक्षा आहे, तिथलं तिचं ओळखीचं चित्र एकच आहे. रस्त्याच्या कडेला, बागेत नाहीतर समुद्रकिनारी हातात पिशवी घेऊन कचरा वेचणारी माणसं.

आता तुम्ही म्हणाल, झाडलोट ही शिक्षा कशी? आपण तर रोज पहाटे अंगण झाडतो, गोठा काढतो, उकिरड्यावर पाट्या टाकतो. आपल्याला कोणत्या कोर्टाने सांगितलं? या प्रश्नाकडे आम्ही येणारच आहोत. आधी ही शिक्षा कुठून आली ते पाहू, कारण तिची सुरुवात बायकांच्याच अडचणीतून झाली आहे.

साल १९६६. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अलामेडा नावाचा जिल्हा आहे. ओकलंड हे त्यातलं मोठं शहर. तिथल्या कोर्टापुढे गाडी चालवताना नियम मोडणाऱ्या बायका यायच्या. गुन्हा किरकोळ, शिक्षा दंडाची. पण दंड भरायला पैसे नसले की तुरुंग. बाई चार दिवस जरी आत गेली, तरी घरी मुलं कुणाकडे राहणार? तिचं काम सुटलं तर पुढच्या महिन्याचं काय? गुन्हा एकीचा आणि भोगणार सगळं घर. तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी तोडगा काढला की, ज्यांना दंड भरता येत नाही त्यांनी त्याऐवजी समाजासाठी ठरावीक तास बिनपगारी काम करावं आणि घरी जावं. आज सामुदायिक सेवा म्हणतात ती पद्धत व्यवस्थित सुरू झाली ती इथून, असं या विषयाचे अभ्यासक मानतात.

दंड ही शिक्षा कागदावर सगळ्यांना सारखी दिसते. पण श्रीमंताला शंभर रुपये म्हणजे चहापाणी आणि गरिबाला शंभर रुपये म्हणजे दोन वेळचं पीठ-मीठ. टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहरातल्या एका गरीब माणसाला वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल मिळून ४२५ डॉलर दंड झाला होता. तो भरता येईना, म्हणून दिवसाला ५ डॉलर या हिशोबाने ८५ दिवस त्याला तुरुंगाच्या शेतावर पाठवलं गेलं. ज्या गुन्ह्याला कायद्यात कैदच नव्हती, त्यासाठी तो केवळ गरीब म्हणून कैदी झाला. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. त्यानंतर कोर्टांना दंडाला पर्याय शोधणं भागच पडलं आणि अलामेडाची वाट इतरांनीही धरली.

आपल्याकडे ही गोष्ट आणखी एका अंगाने पाहायला हवी. नवरा दारू पिऊन चौकात धिंगाणा घालतो, त्याला दंड होतो. तो दंड येतो कुठून? बचत गटाच्या हप्त्यासाठी डब्यात ठेवलेल्या पैशातून. कोंबडी विकून. म्हणजे गुन्हा त्याचा आणि दंड तिला. असल्या दंडाने त्याला अद्दल घडते, यावर आमचा तरी विश्वास नाही. तास त्याचे, घाम त्याचा, अशी शिक्षा असेल तर ती निदान योग्य माणसाच्या अंगावर पडते.

अमेरिकेतून ही कल्पना गेली इंग्लंडला, आणि तिथे तिला कायद्याचं रूप देण्यात एका बाईचा मोठा हात होता. बार्बरा वुटन तिचं नाव. जन्म १८९७ चा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तिचं लग्न झालं. नवरा सैन्यात. दोघांना एकत्र दोन दिवसही धड मिळाले नाहीत, तो आघाडीवर गेला आणि सव्वा महिन्याच्या आत त्याच्या मृत्यूची खबर आली. बार्बरा केंब्रिजला शिकली, अर्थशास्त्रात अव्वल आली, पण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. पुढे तिथेच तिची व्याख्यानं ठरली, तर बाईचं नाव अधिकृत यादीत छापता येत नाही म्हणून ती एका पुरुष प्राध्यापकाच्या नावाने जाहीर झाली. १९२६ साली ती मॅजिस्ट्रेट झाली. त्या वेळी इंग्लंडमध्ये तीस वर्षांखालच्या बाईला मत नव्हतं. म्हणजे लोकांचा न्याय करायला ती चालत होती, मत द्यायला चालत नव्हती! पुढे कित्येक वर्षं तिने न्यायासनावर बसून किरकोळ गुन्ह्यांची माणसं पाहिली. १९५८ साली इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहात पहिल्यांदा बायकांना तहहयात सभासद केलं, त्या पहिल्या चौघींत ती होती.

तुरुंग खचाखच भरले होते आणि थोड्या मुदतीच्या कैदेने माणूस सुधारण्याऐवजी बिघडतो, हे सगळ्यांना दिसत होतं. तुरुंगाला पर्याय काय, हे पाहायला जी समिती नेमली, तिची अध्यक्ष वुटनबाई होती. समितीचा अहवाल १९७० साली आला. गुन्हेगाराने आपल्या मोकळ्या वेळात, आपली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, समाजाचं काम करावं आणि जमेल तिथे स्वखुशीने सेवा करणाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून करावं, असं त्यात सुचवलं होतं. म्हाताऱ्या माणसांची घरं रंगवणं, बागा करणं, पडीक जागा साफ करणं अशी ही कामं. १९७२ साली कायदा झाला, १९७३ मध्ये सहा भागांत प्रयोग सुरू झाला. कमीत कमी ४० तास, जास्तीत जास्त २४० तास. आणि एक महत्त्वाची अट होती. गुन्हेगाराची संमती हवी. हे काम मी करतो, असं त्याने कोर्टात म्हटल्याशिवाय हुकूम निघत नसे.

समितीने अहवालात एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली होती. ही शिक्षा वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या कारणांनी आवडेल. कुणी म्हणेल, तुरुंगापेक्षा बरी. कुणी म्हणेल, समाजाचं नुकसान केलं ते भरून दिलं. कुणी म्हणेल, जसा गुन्हा तशी शिक्षा. सगळ्यांना आवडते म्हणून ती मंजूर झाली खरी, पण पुढे घोळही त्यातूनच झाला. तुरुंगातून माणूस वाचवायला काढलेली वाट हळूहळू माणसाला चारचौघांत दाखवायची जागा होऊ लागली. १९९७ च्या कायद्याने संमतीची अट निघून गेली. २००८ च्या डिसेंबरात या कामावरच्या लोकांना भडक नारिंगी जॅकेट घालायला लावली, पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की हे समाजाची परतफेड करत आहेत. लोकांना शिक्षा दिसली पाहिजे, असं सरकारचं म्हणणं. ज्या संस्था आधी या माणसांना आपल्यात सामावून घेत होत्या, त्यांच्यातल्या काहींना हे मुळीच पटलं नाही.

सिंगापूरने तर सुरुवातच दाखवण्यापासून केली. १९९२ साली तिथे कायदा झाला की, रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला कोर्ट सार्वजनिक जागा साफ करायला लावू शकेल. काम काही तासांचंच, पण अंगावर उठून दिसणारं जॅकेट, आणि सुरुवातीला तर वर्तमानपत्रांचे फोटोवालेही हजर. कचरा टाकणाऱ्यानेच तो उचलावा हा हिशोब सरळ आहे, आम्हालाही तो पटतो. पण ज्याचा फोटो छापला त्याच्या पोराने दुसऱ्या दिवशी शाळेत काय ऐकलं असेल, हेही मनात येतं. याच सिंगापूरशी आपलं एक जुनं नातं आहे. १८२५ पासून जवळजवळ पन्नास वर्षं हिंदुस्थानातले कैदी तिथे काळ्या पाण्यावर पाठवले जात, त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. तिथले रस्ते त्यांनी बांधले, दलदल त्यांनी भरली, सेंट अँड्र्यूज नावाचं मोठं चर्च त्यांच्या हातांनी उभं राहिलं. कैद्याच्या अंगमेहनतीवर शहर उभं करणं आणि गुन्हेगाराकडून चार तास सेवा घेणं, यांत फरक किती आणि कुठे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

तो प्रश्न आपल्या गावांत तर फारच जुना आहे. आपल्याकडे बिनपगारी कामाला एक शब्द आहे, वेठ. आणि ती कुणी करायची हे कोर्टाने नाही, जातीने ठरवलेलं होतं. महार वतनाचंच पाहा. गाव झाडायचं, मेलेली जनावरं ओढायची, सरकारी माणूस आला की त्याचं सामान वाहायचं, रात्री-अपरात्री निरोप पोचवायचा, आणि मोबदला काय, तर जमिनीचा तुकडा आणि घरोघरचं बलुतं. कोणताही गुन्हा न करता जन्मभराची शिक्षा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना असली कामं सोडून देण्याचं आवाहन केलं होतं. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या लक्षात राहतो, हे कमी लक्षात राहतं. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, वतनाचा कायदा बदलण्यासाठी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडलं. तोवर घटनाही आली होती. तिच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा घेऊ शकेल अशी सूट त्यात आहे, पण ती घेताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करायचा नाही, असंही लिहिलं आहे.

याच महाराष्ट्रात खराटा आपल्या खुशीने उचललेली माणसंही झाली. गाडगेबाबा, १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. गावात आले की कुणाला न विचारता झाडायला लागत आणि लोक मग लाजेने का होईना हातात केरसुणी घेत. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं तेव्हा आपल्यातल्या किती जणींनी गल्ल्या झाडल्या, भिंती रंगवल्या, ते आठवा. तिथे अंगावर नारिंगी जॅकेट नव्हतं. पण एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. फोटो काढायच्या दिवशी सगळं गाव झाडत होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरलेल्याच हातांत झाडू होता. ते हात बहुतेक बायकांचे, आणि त्यातही ठरलेल्या वस्तीतल्या.

म्हणून आम्हाला वाटतं, इंग्लंड-सिंगापूरपेक्षा आपल्याकडे ही शिक्षा जपून वापरायला हवी. इथे झाडूला जात चिकटलेली आहे आणि बाईपण चिकटलेलं आहे. ग्रामपंचायतीत झाडलोट करून पोट भरणाऱ्या बाईच्या मुलीने उद्या पाहिलं की चोरी केलेल्या माणसाला कोर्टाने आईचंच काम शिक्षा म्हणून दिलं आहे, तर ती काय समजेल?

आपल्या कायद्यात ही शिक्षा यायला वेळ लागला. १९७८ साली दंड संहिता बदलण्याच्या विधेयकात सामुदायिक सेवा घातली होती. राज्यसभेने ते मंजूर केलं, पण पुढच्या वर्षी लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच संपलं. मुलांच्या बाबतीत मात्र २००० सालच्या बालन्याय कायद्यात ती आली. २००७ च्या नियमांत तिची व्याख्या दिली होती, आणि ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते. बाग साफ करणं, वृद्धांची सेवा, इस्पितळात मदत अशी उदाहरणं तर होतीच, पण हे काम मुलाला कमीपणा आणणारं, माणूसपण हिरावणारं नसावं असं स्पष्ट लिहिलं होतं.

मोठ्यांसाठी कायदा नव्हता तरी कोर्टं अधूनमधून अशी कामं देतच होती. दिल्लीत १९९९ च्या जानेवारीत एका श्रीमंत घरातल्या तरुणाच्या बीएमडब्ल्यू गाडीखाली सहा जण मेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची भोगून झालेली कैद पुरेशी धरली, ५० लाख रुपये भरायला लावले आणि दोन वर्षं सामुदायिक सेवा सांगितली. २०२३ च्या मार्चमध्ये विशाखापट्टणमच्या कोर्टाने दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या पन्नासएक जणांना तिथल्या आर.के. बीचवर दिवसभर कचरा उचलायला लावलं. आणि पुण्याचं प्रकरण तर सगळ्यांनाच आठवत असेल. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण जीव घेतले, आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना निबंध लिहायला आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायला सांगितलं. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हे खरं. पण लोकांचा संताप झाला तो काही उगाच नव्हता. गरिबाला तुरुंगापासून वाचवायला निघालेली ही वाट पैसेवाल्यासाठी पळवाट होऊ शकते, हे लोकांनी बरोबर ओळखलं.

आता नव्या न्याय संहितेत ही शिक्षा सहा गुन्ह्यांना आहे. सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणं, कोर्टाने जाहीरनामा काढूनही हजर न राहणं, सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न करणं, पाच हजार रुपयांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, आणि बदनामी. यातले शेवटचे तीन आपल्या गावांत रोजचे. दारूच्या गुन्ह्याला २४ तासांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर सामुदायिक सेवा. कोणती शिक्षा द्यायची ते मॅजिस्ट्रेट ठरवणार. हे काम केलं नाही तर पुन्हा कैदेची तरतूद आहे.

किती तास, ते मात्र संहितेत लिहिलेलं नाही. कोणतं काम, तेही नाही. मुलांच्या नियमांत होती तशी कमीपणा न आणण्याची अटही मोठ्यांच्या व्याख्येत नाही. बार्बरा वुटनच्या वेळची संमती नाही.

या कायद्यानंतर तीनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. सुकन्या शांता या महिला पत्रकाराने याचिका केली होती. अनेक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमावलीत अजूनही असं होतं की स्वयंपाक अमुक जातीच्या कैद्याने करायचा आणि झाडलोट, संडास सफाई अमुक जातीच्या कैद्याने. तुरुंगातही खराटा जात पाहूनच हातात दिला जात होता. न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि बदलायला सांगितले.

हे दोन्ही कागद आता एकाच वेळी लागू आहेत. उद्या तालुक्याच्या कोर्टातून तुमच्या गावात एखाद्याला आठ दिवस साफसफाईचा हुकूम आला, तर तो चावडीसमोर लोक जमवून करून घ्यायचा की ओढ्याकाठचा प्लॅस्टिकचा ढीग उपसायला त्याला चार जणांबरोबर न्यायचं, हे गावातलंच कुणीतरी ठरवणार आहे. हजेरी कोण लिहिणार, हातमोजे कोण देणार, त्याची बायको मजुरी बुडवून त्याच्या जागी येऊन उभी राहिली तर तिला परत कोण पाठवणार, हेही. ग्रामसभेत हा विषय निघण्याआधी आपल्या गटाच्या बैठकीत एकदा त्यावर बोलून घ्या. आणि काय ठरलं ते आम्हाला केंद्राच्या पत्त्यावर नक्की कळवा.